थबकणारा संगणक

बिघडलेला संगणक परवडला, पण मध्येच थबकणारा नको. बिघडलेला निदान बिघडलेलाच राहतो. दुकानात नेला तर तिथेही बिघडलेलाच असतो. थबकणाऱ्याचं तसं नाही. घरी दिवसातून दोनदा अडेल आणि दुकानदाराच्या टेबलावर चार तास शहाण्या मुलासारखा चालून दाखवेल. मग दुकानदार आपल्याकडे बघतो, आपण संगणकाकडे बघतो, आणि बिघाड यंत्रात आहे की आपल्या डोक्यात, असा प्रश्न मनात घेऊन घरी परततो.

२०१९ च्या पावसाळ्यात मी या दशेतून गेलो. त्यात अडीच महिने गेले, आणि मी एका निरपराध माणसावर आळ घेतला, तोही घरच्याच. म्हणून हे लिहितो आहे.

त्याचं असं झालं. माझे वडील आमच्या गावच्या उत्सवी नाटकांचे प्रॉम्प्टर होते. गोव्यातल्या वाचकांना हे वेगळं समजावायला नको. जत्रेच्या रात्री देवळापुढे मराठी नाटक नसेल तर जत्रा झाल्यासारखी वाटत नाही, आणि नाटक म्हटलं की विंगेत वही घेऊन बसलेला माणूस आलाच. वडिलांनी हाताने उतरवून काढलेल्या अशा चौदा वह्या आमच्या माळ्यावर होत्या. आमच्याकडची दमट हवा आणि वाळवी कागदाचं काय करते ते सर्वांना ठाऊक आहे. त्या वह्या जायच्या आत संगणकावर उतरवून ठेवायच्या असं मी ठरवलं. पण जुना संगणक २०१० सालचा. तो चालू होईपर्यंत चहा होऊन कपबशी धुऊनही व्हायची.

बहिणीचा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. तो म्हणाला, "मामा, तयार कित्याक घेता? हांव जोडून दितां." मे महिन्याच्या सुट्टीत त्याने यादी केली. मदरबोर्ड, नव्या पिढीचा सहा कोअरचा प्रोसेसर, आठ जीबीच्या दोन रॅम, २४० जीबीची एसएसडी. यादीच्या शेवटी होता एसएमपीएस, म्हणजे भिंतीतल्या विजेचं संगणकाला लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करणारा डबा. किंमत साधारण अडीच हजार. तिथे माझं बोट थांबलं.

"हा कशाला? जुना चालतोय ना? ४५० वॅटचा आहे. वजन बघ त्याचं!"

"मामा, एसएमपीएस नवो घेवया," तो म्हणाला.

मी ऐकलं नाही. त्याने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. थोरल्यांपुढे आमच्याकडची मुलं तिसऱ्यांदा सांगत नाहीत. जुनं कॅबिनेट आणि जुना एसएमपीएस ठेवून संगणक जोडला गेला, आणि अडीच हजार वाचवल्याचं मी चार लोकांना सांगितलंही.

पंधरा-वीस दिवस सुखात गेले. मग जूनमध्ये एका दुपारी मी वडिलांचं एक अक्षर भिंग लावून ओळखत होतो. ओळखलं, मान वर केली, तर पडद्यावरचा बाण हलेना. कोपऱ्यातलं घड्याळ ४.१७ दाखवत होतं. भिंतीवर ४.३१ झाले होते.

इथे एक बारीक परीक्षा सांगून ठेवतो, उपयोगी पडते. संगणक अडला की कीबोर्डवरची कॅप्स लॉकची कळ दाबून बघावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर एखादा प्रोग्राम अडकला आहे, आतलं यंत्र जिवंत आहे. थोडं थांबलं तर सुटतंही. दिवाच हलत नसेल तर सगळंच गोठलं आहे, आणि बटण काही सेकंद दाबून धरून बंद करण्यावाचून इलाज नाही. माझा दिवा हलत नव्हता. निळा पडदा नाही, संदेश नाही, आवाज नाही. पान तसंच समोर, आणि अर्ध्या तासाचं टंकन गेलेलं.

मग हे होतच राहिलं. कधी दिवसातून दोनदा, कधी तीन दिवसांत एकदाही नाही. भाच्याला फोनवर मी सांगायचो, "अरे, कधीही अडतो." या "कधीही" शब्दाने माझा घात केला. पण ते पुढे कळलं.

पहिला संशय विजेवर. पावसाळ्यात आमच्याकडे दिवे कमीजास्त होतातच. यूपीएस काढून पाहिला, दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर लावून पाहिलं, इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं. अर्थिंग उत्तम होतं. संगणक अडत राहिला.

दुसरा संशय रॅमवर. मेमटेस्ट८६ नावाचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घालून संगणक त्यावरून चालू करायचा. तो विंडोज सुरूच न करता रॅमच्या खणाखणात लिहून परत वाचून पाहतो. रात्रभर लावला. चार फेऱ्या झाल्या, एकही चूक नाही. तरीही दोनातली एक रॅम काढून पाहिलं, मग दुसरी काढून पाहिलं. रॅमचा वेग बायोसमध्ये जाऊन मूळ पदावर आणला. अडत राहिला.

तिसरा संशय उष्णतेवर. प्राइम९५ नावाचा प्रोग्राम प्रोसेसरला गणितं घालून अक्षरशः घाम फोडतो. सहा तास चालवला. तापमान सत्तरच्या आसपास जाऊन स्थिरावलं, पंखा घोंघावला, संगणक अडला नाही. एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोने "उत्तम" सांगितली. सुटी केबल बदलली. विंडोज पुसून नव्याने घातलं. दीड दिवस बरा चालला, मी पेढे आणायच्या बेतात होतो, तोच पुन्हा बाण थांबला.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची नोंदवही असते. तिथे दर वेळी लाल अक्षरात एकच नोंद सापडायची : कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. पहिल्यांदा वाटलं, सापडला चोर! पण त्या नोंदीचा अर्थ एवढाच असतो की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. आता बटण दाबून बंद मीच केलेला, म्हणजे ही नोंद माझ्याच बोटाची. पंचनाम्यात "इसम मृत अवस्थेत आढळला" असं लिहावं, तितपत तिचा उपयोग.

म्हापशातल्या एका दुकानात घेऊन गेलो. त्यांनी चार तास वेगवेगळ्या चाचण्या लावल्या, व्हिडिओ चालवले. एकदाही अडला नाही. "ह्यांत कांय ना," म्हणून परत दिला.

आता राहिला कोण? जोडणारा.

जुलैमधल्या एका रविवारी बहिणीकडे जेवायला गेलो होतो. बहीण, मेहुणे, सगळे ताटावर. कोणी तरी विचारलं, नवा संगणक कसा आहे? आणि मी बोलून गेलो, "कसला नवा! पोराने घाईघाईत काही तरी उलटंसुलटं बसवलंय. दुकानातून तयार घेतला असता तर हा ताप नसता."

भाचा आमटी वाढून घेत होता. एवढंच म्हणाला, "मामा, हांवें सगळें सारकें लायलां." आवाज चढवला नाही. जेवण झाल्यावर मात्र तो उठून गेला, आणि पुढचे दोनअडीच आठवडे आमच्याकडे फिरकला नाही. एरवी शनिवारी त्याची फेरी चुकत नसे. मीही फोन केला नाही. थोरलेपणाचा एक ताठा असतो ना, तो.

संगणकाचा नाद सोडून मी वह्या नुसत्याच वाचायला घेतल्या. वाचताना एक गोष्ट लक्षात आली, जी टंकताना कधी दिसली नव्हती. पानांच्या समासात पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या. फुलीशेजारी साल आणि पात्राचं नाव. काही ठिकाणी एकाच ओळीशी तीन-तीन वर्षांच्या फुल्या. नट जिथे अडला तिथे वडिलांनी खूण करून ठेवली होती, म्हणजे पुढच्या वर्षी त्या जागेच्या आधीच तयार राहता येईल.

आणि मला त्यांचं बोलणं आठवलं. लांबलचक भाषण असलेला नट सहसा अडत नाही, असं ते म्हणायचे. तो आपल्या ओघात असतो. अडतो तो कोण? ज्याला दोन पानं नुसतं उभं राहून दुसऱ्याचं ऐकायचं असतं आणि मग एकच वाक्य बोलायचं असतं, तो.

वडील तीस वर्षं खुणा करत होते, आणि मी दीड महिन्यात एकही नोंद केली नव्हती. नुसतं "कधीही, कधीही" करत बसलो होतो. त्याच संध्याकाळी एक शंभर पानी वही घेतली आणि चार रकाने आखले : तारीख, वेळ, संगणक काय करत होता, मी काय करत होतो. वेळेची सोय तर अडलेला संगणक स्वतःच करून ठेवतो. त्याचं घड्याळ ज्या मिनिटावर थांबलेलं असतं, तीच वेळ.

सोळा दिवसांत बारा नोंदी झाल्या. त्यांतल्या काही देतो. "संगणक : फाइल उघडी, काही नाही. मी : अक्षर लावत होतो." "संगणक : काही नाही. मी : दारावर पाववाला." "संगणक : रिकामा. मी : जेवायला." "संगणक : रिकामा. मी : फोनवर." बाराही ठिकाणी तिसऱ्या रकान्यात तेच. व्हिडिओ बघताना एकदाही नाही. फाइली उतरवताना नाही. भराभर टंकतानाही नाही.

वही घेऊन मी सरळ भाच्याकडे गेलो. त्याने पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून पाहिली, आणि म्हणाला, "मामा, हो रिकामो आसतना अडटा."

त्या एका वाक्याने मागचा सगळा गोंधळ उलगडला. मेमटेस्ट, प्राइम९५, दुकानातल्या चार तासांच्या चाचण्या, सगळ्यांत आम्ही संगणकाला राबवत होतो. आणि राबताना तो कधी अडतच नव्हता! आजारी माणसाला झोपेत त्रास होतो आणि डॉक्टर त्याला पळवून तपासतात, तशातली गत.

त्या शनिवारी तो आला. आधी त्याने माझ्या आरोपाचा निकाल लावला, न बोलता. मदरबोर्ड कॅबिनेटमधून सोडवून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांडला. कॅबिनेटमध्ये पितळी खुंटी चुकीच्या जागी राहिली असेल आणि बोर्ड मागून टेकत असेल, तर असं केल्यावर दोष जायला हवा. एसएसडीची केबल काढली, आणि पेन ड्राइव्हवरून उबुंटू लिनक्स चालू करून रात्रभर तसाच रिकामा सोडला. सकाळी पडद्यावरचं घड्याळ ३.४० वर थांबलेलं होतं. म्हणजे विंडोज नाही, एसएसडी नाही, कॅबिनेट नाही, आणि बसवण्यातली चूकही नाही.

मग त्याने जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. आजचे प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी काम नसलं की झोपतात. नुसते डुलक्या घेत नाहीत, गाढ झोपतात. या झोपेच्या पायऱ्यांना सी-१, सी-६ अशी नावं आहेत. गाढ पायरीवर प्रोसेसर जवळजवळ काहीच वीज घेत नाही, आणि काम आलं की क्षणार्धात जागा होऊन एकदम भरपूर मागतो. हे सेकंदाला कितीतरी वेळा चालतं. प्रोसेसरची वीज येते ती १२ व्होल्टच्या वाटेने. जुन्या, साध्या एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ व्होल्टच्या वाटांचा तोल वेगवेगळा नसतो, एकत्रच सांभाळलेला असतो. खांद्यावरच्या कावडीसारखं हे आहे. दोन्ही घागरी भरलेल्या आहेत तोवर चाल ठीक. एक एकाएकी रिकामी झाली, की दुसरी खाली ओढते आणि खांदा डळमळतो.

हा प्रश्न काही आमच्या घरातच उपटलेला नव्हता. २०१३ साली इंटेलचे हॅसवेल नावाचे प्रोसेसर आले तेव्हाच त्याची चर्चा झाली होती. आधी १२ व्होल्टच्या वाटेवर किमान ०.५ अँपिअर ओझं राहील असं धरून एसएमपीएस बनत. हॅसवेलच्या गाढ झोपेत ते ०.०५ अँपिअरपर्यंत, म्हणजे दहाव्या हिश्शावर येऊ शकत होतं. त्यामुळे आपले कोणते डबे याला चालतात, याच्या याद्याच एसएमपीएस बनवणाऱ्यांनी तेव्हा प्रसिद्ध केल्या. माझा डबा २०१० सालचा. त्याचं वजन, त्याचे ४५० वॅट, सगळं खरं होतं. पण माझा प्रश्न तो जास्तीत जास्त किती देतो हा नव्हताच. कमीत कमी देताना तो स्थिर राहतो का, हा होता.

मी मल्टिमीटर आणून दिला. १२ व्होल्टची वाट १२.०८ दाखवत होती. ठरलेली मर्यादा पाच टक्के वर-खाली, म्हणजे ११.४ ते १२.६. मी म्हटलं, मग बरोबर आहे की! तो म्हणाला, मल्टिमीटर सरासरी दाखवतो. हजाराव्या हिश्शाच्या सेकंदात काही ढळलं तर ते त्याला दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. तो आमच्याकडे नव्हता. पण तपासायचा दुसरा मार्ग होता.

आमच्या मदरबोर्डच्या बायोसमध्ये "पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल" नावाची एक सोय निघाली. ती "टिपिकल करंट आयडल" वर ठेवली की प्रोसेसर रिकामा असतानाही वीज अगदी तळाला जाऊ देत नाही. एवढी एकच गोष्ट बदलली, बाकी काही हलवलं नाही. आठ दिवस, आठ रात्री मुद्दाम रिकामा सोडला. एकदाही अडला नाही.

मी खूश झालो, पण भाचा म्हणाला, अजून झालं नाही. त्याने सोय परत मूळ जागी नेली. दुसऱ्याच पहाटे अडला. मग मित्राकडून नवा एसएमपीएस आणून लावला, सोय मूळ जागीच ठेवून. पुन्हा आठ दिवस मुद्दाम रिकामा. अडला नाही. तेव्हा कुठे तो म्हणाला, "आतां जालें." एक गोष्ट बदलल्यावर दोष जाणं हा अर्धाच पुरावा. ती परत केल्यावर दोष परत आला, तर तो पुरता. मी मात्र जूनमध्ये एकाच दिवशी केबल बदलून विंडोज पुसून मोकळा झालो होतो. तेव्हा दोष गेला असता तरी कशाने गेला ते कधी कळलं नसतं.

जो एसएमपीएस मी मे महिन्यात घेऊ दिला नाही, तो ऑगस्टच्या अखेरीस घेतला. तोच अडीच हजारांचा. वाचवलेले पैसे, इलेक्ट्रिशियन, म्हापशाच्या फेऱ्या, गेलेलं टंकन यांचा हिशेब मी घातला नाही. पण एक हिशेब घालायलाच हवा होता.

त्या वर्षी चवथ २ सप्टेंबरला आली. आमचा गणपती दीड दिवसाचा. पंचमीला बहीण, मेहुणे, भाचा सगळे आले. आरती झाली, नेवऱ्यांची ताटं फिरली. मी ठरवून ठेवलं होतं. आळ चारचौघांत घेतला, तर तो मागे घ्यायचा तोही चारचौघांत. माटोळीखाली सगळे बसले असताना मी म्हटलं, "संगणकात याची चूक नव्हती. याने मला नवा एसएमपीएस घ्यायला दोनदा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि वर यालाच बोल लावला. चूक माझी."

वाक्यं चारच, पण घसा कोरडा पडला. बहीण काही बोलली नाही, नुसती माझ्या ताटात आणखी एक नेवरी ठेवली. मेहुण्यांनी विषय बदलला. भाचा लाजून माटोळीच्या सुपाऱ्या मोजू लागला. एकदाही त्याने "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्याच्या वयाचा मी असतो तर शंभरदा म्हटलं असतं.

तुमचाही नवा जोडलेला संगणक असा थबकत असेल तर माझं एवढंच सांगणं : काही उघडण्यापूर्वी, काही विकत घेण्यापूर्वी, आणि मुख्य म्हणजे कोणाला बोल लावण्यापूर्वी, एक वही घाला. राबताना अडत असेल तर उष्णता, रॅम, कमी पडणारी वीज यांच्याकडे बघा. रिकामा असताना अडत असेल तर झोपेच्या पायऱ्या आणि जुना एसएमपीएस यांच्याकडे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

विसर्जनाला निघताना भाचा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मामा, तो जुनो एसएमपीएस उडोवन सोड. नाजाल्यार तूं परत खंय तरी बसयतलो."

मी हसून मान हलवली. तो मी माळ्यावर, वह्या होत्या त्याच फळीवर, फडक्यात गुंडाळून जपून ठेवला होता, हे त्याला कसं कळलं कोण जाणे.